जामकाठची काळी आणि संत्र्याचा ताण

पांढुर्ण्याचे नाव वर्तमानपत्रांत वर्षातून एकदा हटकून येते, आणि ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवायचे, त्याला झेंडा बांधायचा आणि एका काठावरून पांढुर्णेकरांनी, दुसऱ्या काठावरून सावरगावकरांनी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करायचा, असा हा गोटमारीचा खेळ. डोकी फुटतात, माणसे दगावलीही आहेत. आपण छायाचित्र पाहून हळहळतो आणि पान उलटतो. त्या छायाचित्रात दगड दिसतात, पण ते दगड कसले आहेत हे मात्र कोणी पाहत नाही.

ते दगड काळे आहेत. सह्याद्रीचे कडे ज्या दगडाचे, वेरूळचे कैलास लेणे ज्या दगडात खोदले, तोच हा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्या प्रचंड पसाऱ्याच्या पूर्वेकडील काठावर पांढुर्णा वसले आहे. या दगडाची उन्हापावसाने माती झाली, आणि त्या मातीवर आज संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. पांढुर्ण्याने आपली ओळख दगडावरून करून दिली, हे त्या गावाचे दुर्दैव. ती संत्र्यावरून व्हायला हवी होती.

इंदूरहून नागपूरला मोटारीने जाणाऱ्यांना हा मुलूख ओळखीचा आहे. बैतूल गेले, तापीचे उगमस्थान मुलताई गेले, की पठार संपते आणि रस्ता खाली उतरू लागतो. हवेत बदल होतो, आणि भाषेतही. चहाच्या टपरीवर बोललेले मराठी कानावर पडते. ते पुण्याचे नव्हे, इंदूरचेही नव्हे. ‘का’च्या ठिकाणी ‘काऊन’ म्हणणारे, बोलण्याच्या शेवटी आदराचा ‘जी’ ठेवणारे असे ते वऱ्हाडकडचे मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली. त्या दिवशी आपला मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात आला, आणि तोवर मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर त्यातून निघून मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसर मात्र छिंदवाड्याबरोबर मागे राहिले. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरहद्दी अशा बदलल्या. फळाचे नाव बदलले नाही. येथील संत्रे आमच्या चोइथराम मंडीत येते तेव्हाही त्याला ‘नागपुरी’च म्हणतात.

नागपुरी संत्र्याची जुनी कथा बहुतेकांना ठाऊक असेल. दुसरे रघूजीराजे भोसले यांनी औरंगाबादेहून झाडे आणून आपल्या बागेत लावली आणि तेथून ती आसमंतात पसरली, असे सांगतात. राजाने रोप आणले हे खरे मानले, तरी ते कोठे रुजावे हे राजाच्या हाती नव्हते. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी, सौंसर, पांढुर्णा हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा संत्र्याने आपला मानला. कोकणात त्याचे बस्तान बसले नाही. तेथे पाऊस उदंड आहे, पण थंडी नाही, आणि या झाडाला पावसाइतकीच थंडी लागते.

वरूड-मोर्शीच्या भागाला ‘विदर्भाचे कॅलिफोर्निया’ म्हणण्याची पद्धत आहे. आपल्याकडे कोणत्याही चांगल्या गोष्टीला परदेशी नाव दिल्याशिवाय समाधान होत नाही, त्यातलाच हा प्रकार. पण उपमा घेतलीच आहे तर ती नीट तपासून पाहावी. खऱ्या कॅलिफोर्नियातील नापा खोरे द्राक्षांच्या मद्यासाठी जगात नावाजलेले आहे. तेथे दिवसा ऊन कडक, पण रात्री दक्षिणेच्या उपसागरावरून गार धुके खोऱ्यात शिरते. उन्हाने द्राक्षात साखर भरते, आणि रात्रीच्या गारव्याने तिच्यातील आंबटपणा टिकून राहतो. मद्य पारखणारे फ्रेंच लोक माती, उतार, ऊन, वारा या साऱ्यांना मिळून ‘तेरुआर’ असा एकच शब्द वापरतात, आणि बाटलीतील चव या शब्दात शोधतात.

पांढुर्ण्याला समुद्र नाही. समुद्राचे काम येथे डोंगर करतो. मार्गशीर्ष-पौषात आकाश निरभ्र असते, दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते, आणि पठारावरची गार, जड हवा ओढ्यानाल्यांच्या वाटेने खोऱ्यात उतरते. पारा दहा अंशांच्या आसपास येतो; वैशाखात हाच पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेलेला असतो. संत्र्याच्या सालीतील हिरवा रंग जाऊन केशरी रंग उघडा पडायला रात्रीचा पारा तेरा-चौदा अंशांखाली यावा लागतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास बाजारात येणारे संत्रे आतून पिकलेले असूनही वरून हिरवट असते, आणि आपल्या घरातील मंडळी ते ‘कच्चे’ म्हणून परत ठेवतात. ते कच्चे नसते. त्याला थंडी लागलेली नसते, इतकेच. माघ-फाल्गुनात येणाऱ्या संत्र्याने सारा हिवाळा झाडावर काढलेला असतो, त्याचा रंग काय वर्णावा!

आता मातीकडे वळू. मराठीत गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात; ज्यांच्या घरी जुनी वतनपत्रे आहेत त्यांना हे सांगायला नको. पण काळी म्हणजे सारी एकच नव्हे. मध्य प्रांताच्या जमाबंदीच्या दप्तरांत या मुलखातील जमिनींचे काळी, मोरंड, खरडी, बरडी असे वर्ग पाडलेले होते. काळी म्हणजे खोल, चिकण, पावसात लोण्यासारखी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. मोरंडीचा रंग जरा उतरलेला, तीत चुनखडीचे खडे. खरडी उथळ आणि खडकाळ. बरडी म्हणजे टेकडीच्या उतारावरची, जीत कुळव घातला तर माती कमी आणि दगडच अधिक वर येतात. सारा बसवताना काळीचा भाव सर्वांत मोठा, कारण तीत कापूस आणि ज्वारी पिके.

संत्र्याने हा दरबारी मान उलटा केला. खोल काळी पाणी धरून ठेवते, आणि संत्र्याच्या मुळांना नेमके तेच खपत नाही. या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात, आणि त्यांना ओलाव्याइतकीच हवाही हवी असते. चिकण माती पाण्याने फुगली की तिच्यातील हवा निघून जाते. मुळे गुदमरतात, कुजतात. याच साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा नावाची बुरशी फोफावते. बुंध्याची साल तडकते, तिच्यातून डिंक ओघळतो. बागाईतदार याला डिंक्या म्हणतात. उन्हाळ्यात उलट गत. तीच माती आकसते, भेगा पडतात, आणि त्या भेगांबरोबर तंतुमुळे तुटतात. मातीत चुना फार असला तर आणखी एक चमत्कार पाहायला मिळतो. हा काळा दगड लोहाने भरलेला आहे, तरी त्याच्याच मातीतले झाड लोहावाचून पिवळे पडते, कारण चुन्यामुळे ते लोह मुळांना घेता येत नाही. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की समजावे, झाड भरल्या घरात उपाशी आहे.

संत्र्याला मानवते ती मध्यम खोलीची जमीन. वर तीन-चार फूट माती, तिच्याखाली भुसभुशीत मुरूम. पाऊस पडला की पाणी मातीत थांबते, पण साचत नाही. जास्तीचे मुरुमातून खाली निघून जाते. पांढुर्ण्याच्या बाजूला नदीकाठची सपाटी सोडून उताराकडे चालू लागले की ही जमीन भेटते. सौंसरकडे तर भूमीचा पोतच पालटतो. तेथे काळ्या कातळाचे आवरण संपत जाते आणि खालचे फार पुराणे खडक उघडे पडतात. संगमरवर, अभ्रकाचे खडक, मँगनीजचे साठे. भूशास्त्रज्ञ या सबंध खडकमालेला ‘सौंसर समूह’ या नावाने ओळखतात, आणि ती पूर्वेला बालाघाटपर्यंत जाते. वय विचाराल तर शंभर कोटी वर्षांपलीकडचे. पांढुर्ण्याचा कातळ त्यापुढे कालचे पोर! जामसावळीच्या निद्रिस्त हनुमंताचे दर्शन घ्यायला हजारो लोक सौंसरला जातात, पण आपण पृथ्वीच्या किती जुन्या पाठीवर उभे आहोत, हे त्यांच्या गावीही नसते. या खडकांची माती हलकी, वालुकामय, कोठे तांबूस. ती पाणी लवकर सोडते. वीस-पंचवीस मैलांच्या आत असे दोन स्वभाव आहेत, आणि संत्रे दोन्हींचे निरनिराळे ऐकते.

हा सारा भेद आम्हाला पुस्तकात वाचून कळला नव्हता. तो कळला पौषातल्या एका सकाळी, पांढुर्ण्याजवळच्या एका बागेत. झाडे पाहून जीव कळवळला. पाने मलूल होऊन आत वळलेली, कित्येक गळून खाली पडलेली. विहिरीत तर पाणी दिसत होते. आम्ही न राहवून म्हणालो, “काका, बाग वाळते आहे. पाणी का देत नाही?”

वृद्ध बागाईतदार हसले. “वाळत नाई जी, झोपली हाये. तानावर हाये ते.”

“किती दिवस?”

“ह्या वरच्या वावरात पंधरा-वीस दिवसांत तान बसते. खालच्या काळीत महिना झाला तरी बसत नाई. मातीच पानी सोडत नाई, तं झाडाले कसं समजन का हिवाळा आला?” आणि मग क्षणभर थांबून, “पानी देनं कोनालेही येते, जी. तोडनं येत नाई.”

येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ताण हे या शेतीचे मर्म आहे. संत्र्याला स्वतःवर सोडले तर ते वर्षभर थोडे थोडे फुलते, आणि कोणत्याच हंगामात पुरेसे फळ देत नाही. म्हणून त्याला एकदा विश्रांती देऊन एकदम जागे करावे लागते. मार्गशीर्षापासून पाणी तोडतात. थंडीने वाढ मंदावलेलीच असते. त्यात पाणी तुटले की झाड नवी पालवी काढणे थांबवते आणि आपले अन्न फांद्यांत साठवू लागते. पाने मलूल झाली, काही गळली, म्हणजे ताण बसला. मग जानेवारीत खत घालून, आळी करून पाणी सोडायचे. तीनेक आठवड्यांत बाग पांढऱ्या फुलांनी झाकून जाते, आणि त्या सुवासाने रस्त्यावरून जाणारा माणूस थबकतो. आंब्याच्या मोहराबरोबर येणारा म्हणून हा आंबिया बहार. त्याची फळे शरदाच्या शेवटापासून उतरू लागतात.

दुसरा मृग बहार. त्यात ताण मे महिन्याच्या उन्हात द्यायचा आणि तो मोडायचे काम मृगाच्या पावसावर सोपवायचे. फळे पुढल्या माघ-फाल्गुनात. आंबियाच्या फळांना पुरा उन्हाळा पाजावा लागतो. विहिरीला वैशाखात पाणी नसेल तर कैरीएवढी झालेली फळे टपाटपा गळतात. मृगाला उन्हाळ्याचे पाणी लागत नाही, पण पाऊस वेळेवर यावा लागतो आणि आल्यावर दडी मारून चालत नाही. म्हणजे एका बहारात विहिरीवर भरवसा, दुसऱ्यात आभाळावर. ज्याची विहीर आटते तो मृगाकडे वळतो, आणि मृगाने दोन वर्षे दगा दिला की पुन्हा विंधणविहीर खोदतो.

या विंधणविहिरींचे प्रकरण गंभीर आहे. काळ्या कातळात पाणी राहते ते फक्त भेगांत, वरच्या कुजलेल्या थरांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यांत. ते गाळाच्या प्रदेशासारखे अथांग नव्हे. शेजारच्या वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा अधिक झाल्याचे सरकारी पाहण्यांनी नोंदवून फार दिवस झाले. तेथे एका विहिरीला पाणी लागले नाही म्हणून दुसरी, दुसरीला नाही म्हणून तिसरी, अशी कर्जे झाली. पांढुर्ण्याने शेजाऱ्याकडून संत्रे घेतले. हेही घेऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते. ज्या झाडाला वर्षातून महिनाभर मुद्दाम तहानेले ठेवायचे, त्याच्यासाठी पाताळ उपसावे लागावे, यात काहीतरी चुकले आहे. आमच्या मते चूक पाण्यात नसून जागेत आहे. संत्र्याला भाव आला तसे लोक खालच्या खोल काळीत उतरले. तेथे पावसाळ्यात मुळे कुजतात, हिवाळ्यात ताण बसत नाही. मग ताण बसवण्यासाठी वाढ रोखणारी सायकोसीलसारखी औषधे फवारावी लागतात. बुंध्याला बोर्डो मलम लावा, पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळे करा, झाडे उंच गादीवाफ्यावर लावा, असे उपाय संशोधक सांगतात, आणि ते खरेही आहेत. १९८५ पासून नागपुरात लिंबूवर्गीय फळांचे केंद्रीय संशोधन चालू आहे. रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली निरोगी कलमे, बिनबियांचे वाण, अशी पुष्कळ उपयुक्त कामे तेथे झाली आहेत. पण कोणतेही मलम लावले तरी काळीची मोरंड होत नाही.

आता हवेनेही साथ सोडली आहे. पूर्वीही पौषात कधी ढग येत, गारा पडत. पण ऐन ताणात अवकाळी पाऊस होण्याची धास्ती आता दरवर्षीची झाली. एका रात्रीच्या पावसाने महिन्याचा ताण मोडतो. झाड अर्धवट जागे होते आणि फुलांऐवजी नुसती पालवी काढते. दिसायला बाग हिरवीगार, आणि फळ नाही! रस्त्यावरून मोटारीने जाणारा आमच्यासारखा माणूस तिचे कौतुक करील. भाद्रपदातील लांबलेल्या झडीने आंबियाची फळे गळतात ते निराळेच.

बाजाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय मातीचा नव्हे. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. आपल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने २०१९ पासून आयातकर चढवत नेला, तो २०२३ मध्ये किलोमागे ८८ रुपयांपर्यंत गेला, आणि भाव कोसळले. रस काढून का विकत नाही, असा प्रश्न शहरातले लोक विचारतात. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की तो काही वेळाने कडवट होऊ लागतो. ज्या फळाची साल बोटाने सुटते, ज्याच्या फोडी आपोआप विलग होतात, ते फळ निसर्गाने हातात घेऊन खाण्यासाठी घडवले आहे. यंत्राला ते कसे आवडावे?

त्या दिवशी बागेतून निघताना पश्चिमेकडे ढग दाटत होते. काकांनी वर पाहिले, काही बोलले नाहीत. आमच्या हातात चार संत्री ठेवली. ती मृगाची होती, अजून पुरती रंगलेली नव्हती. गाडीत बसल्यावर एक सोलले. आंबट होते, पण त्या आंबटपणातून गोडी येते आहे हे कळत होते.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांच्या मुलाशी दूरध्वनीवर बोलणे झाले. आम्ही आलो त्याच रात्री पाऊस झाला होता. वरच्या, मुरमाच्या वावरात पाणी दोन दिवसांत निघून गेले, ताण पुन्हा बसला आणि उशिरा का होईना, बाग फुलली. खालच्या काळीत नुसती पालवी आली. ते वावर आता मृगावर सोडायचे ठरले आहे. मे महिन्यात पुन्हा पाणी तोडतील. त्यातली काठाकडची दोन ओळी झाडे मात्र डिंक्याने गेली, ती काढून तेथे काकांनी कापूस लावायला सांगितले आहे.